गेला का?

सांताक्रूझचा फ्लायओव्हर चढताना लक्षात आलं:
ॲक्सिलरेटर दाबला की
बॉनेटखाली कोणीतरी सूं करतं,
पाय काढला की गप्प.
तिसऱ्या गिअरमध्ये बारीक, चौथ्यात त्याहून बारीक,
दातांच्या डॉक्टरकडच्या मशीनसारखं,
जे अजून आपल्या दाढेपासून वीतभर लांब आहे.

शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, कुठे काय?
शोरूमवाल्यानं गाडीला हात न लावता
गिअरबॉक्स म्हणून अठ्ठावीस हजार लिहून दिले.

कालिन्यात, क्रुसाच्या गल्लीत
इनास परेरांचं गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक जॅक
आणि सीट नसलेल्या रिक्षात झोपलेलं मांजर.
"रेस द्या," म्हणाले. दिली.
"अजून."
अजून दिली. मांजर उठून गेलं.
"माना तर काय आयकू येत नाय, बाय."

मी पालिकेच्या हॉस्पिटलात कान तपासते.
बावीस वर्षं काचेच्या अलीकडून सांगते,
शिट्टी ऐकू आली की बोट वर करा.
चाळीस वर्षं हातोडा, ग्राइंडर, कॉम्प्रेसर:
आधी बारीक आवाज घर सोडतात.
चिमण्या जातात,
नातवंडांच्या बोलण्यातले स आणि श जातात,
आणि माणूस म्हणतो, हल्ली सगळे पुटपुटतात.

हे मी बोलले नाही.
म्हटलं, आहे आवाज. चार हजाराच्या आसपास.
"कोणी सांगितले चार हजार? बघू तरी द्या आधी."

मग हेडलाइट लावायला लावले, एसी लावायला लावला.
"आता?"
वाढला.
"मंग गिअरबॉक्स नाय."
पट्टा उतरवला, अर्धं मिनिट इंजिन चालवलं.
"आता?"
नाही.
प्रत्येक वेळी ते इंजिनाकडे नाही,
माझ्या तोंडाकडे बघत होते.

पट्टा परत चढवून त्यांनी फूटभर स्क्रू ड्रायव्हर काढला.
टोक वॉटर पंपावर,
मूठ कानावर नाही, कानामागच्या हाडावर.
अगदी तिथेच, जिथे मी रोज
थरथरता चिमटा टेकवते आणि विचारते, इथे येतंय?
कोणी शिकवलं, विचारलं.
"बापानं. त्याचा उजवा कान गेलेला."
पुस्तकाप्रमाणे तो सूर त्यांना हाडातूनही यायला नको होता.
पण ते सूर शोधत नव्हते.
सुराखालची खरखर शोधत होते.

वॉटर पंप, नाही.
टेन्शनर, नाही.
आल्टरनेटरवर डोळे मिटले,
थोडा वेळ मिटलेलेच ठेवले.
"ह्यो बघा चोर."

खोललेलं बेअरिंग माझ्या तळहातावर दिलं.
फिरवलं तर बोटांना लागलं,
भातात खडा लागावा तसं.
नवं आणायला पोऱ्या कुर्ल्याला गेला,
येताना वडापावही घेऊन आला,
त्यातला एक मला न विचारता माझ्या हातात.

मग विद्यापीठाच्या भिंतीकडेनं चक्कर.
दुसरा. तिसरा. दाबा, म्हणाले, घाबरू नका.
दाबला.
टायरांचा आवाज, वाऱ्याचा,
डॅशबोर्डच्या पोटात कधीपासून हरवलेलं एक नाणं,
आणि शेजारी त्यांचा श्वास, जरा घरघरणारा.
"गेला का?"
मी मुद्दाम पुढच्या सिग्नलपर्यंत थांबले.
गेला.
त्यांनी मान डोलावली,
जणू त्यांनीही तो जाताना ऐकला होता.

बिल नऊशे पन्नास.
पैसे दिले आणि कागदाच्या मागे लिहिलं:
मंगळवार, शुक्रवार, सकाळी नऊ, खोली अकरा,
केसपेपरचे पैसे मी बघते.
त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, वाचलं.
कागद उलटा करून रक्कम पुन्हा वाचली
आणि पन्नास रुपये परत केले.